आजोबांचा ‘आकांक्षेचा’ न्युमोनिया

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बारावीत शिकणारा एक मुलगा आजोबांचे डिस्चार्ज कार्ड घेऊन माझ्या दवाखान्यात आला. आजोबांना वर्षभरापूर्वी अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला. त्यातून सावरत असतानाच ताप आणि धाप सुरू झाली आणि त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी आठ दिवस दवाखान्यात ठेवावे लागले. आता घरी आणले होते. पुढची औषधे कशी द्यायची, हे विचारायला नातू आला होता.

मी कार्ड वाचत असताना त्याने अक्षरावर बोट ठेवून विचारले, “डॉक्टरकाका, हे काय लिहिलंय? अ‍ॅस्पिरेशन न्युमोनिया. आमच्या सरांनी तर अ‍ॅस्पिरेशन म्हणजे आकांक्षा असं सांगितलंय. मग आजोबांना आकांक्षेचा न्युमोनिया कसा झाला?”

बाकावर बसलेले दोन-तीन पेशंट हसले. मीही हसलो. ‘अरे, डॉक्टरी भाषेत त्याचा अर्थ वेगळा आहे’ एवढे सांगून मी त्याची बोळवण केली. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. तीस वर्षे हा शब्द मी कागदावर लिहीत आलो, पण एकाच शब्दाचे हे दोन अर्थ कसे, याचा विचार कधी केला नव्हता. रात्री जुना शब्दकोश काढून बसलो. त्यात जे सापडले, ते वाचकांना सांगावे असे वाटले. कारण त्यात प्रकृतीचा भाग आहे आणि घरोघरच्या आई-बापांचाही.

मूळ शब्द लॅटिन. ‘स्पिरारे’ म्हणजे श्वास घेणे किंवा फुंकणे. त्याला ‘अ‍ॅड’ म्हणजे ‘कडे’ हा उपसर्ग लागून ‘अ‍ॅस्पिरारे’ झाले. कशाकडे तरी श्वास सोडणे, फुंकर घालणे, हा त्याचा मुळातला अर्थ. वारा अनुकूल वाहणे, दैवाने साथ देणे या अर्थानेही लॅटिन लोक तो वापरत. पुढे, ज्याच्याकडे आपला श्वास लागला आहे ते गाठू पाहणे, असा अर्थ आला आणि इंग्रजीत तोच रूढ झाला.

या घराण्यातले बाकीचे शब्द आपल्या रोजच्या ओळखीचे आहेत. रेस्पिरेशन म्हणजे श्वसन. इन्स्पिरेशन म्हणजे आम्हा डॉक्टरांच्या लेखी श्वास आत घेणे आणि तुमच्या लेखी प्रेरणा, म्हणजे कोणीतरी आत फुंकलेला श्वास. एक्स्पायर म्हणजे श्वास बाहेर सोडणे, त्यावरून शेवटचा श्वास सोडणे आणि त्यावरून औषधाच्या बाटलीवरची ‘एक्स्पायरी’. पर्स्पिरेशन म्हणजे घाम, जणू कातडीतून बाहेर पडणारा श्वास. कॉन्स्पिरसी म्हणजे कट, तोंडाला तोंड लावून एकत्र घेतलेला श्वास. मात्र अ‍ॅस्पिरिनचा या घराण्याशी काही संबंध नाही. ते नाव १८९९ मध्ये बायर कंपनीने स्पायरिया या वनस्पतीच्या नावावरून बांधले.

जाता जाता आणखी एक. इंग्रजीत महत्त्वाकांक्षेला दुसरा शब्द आहे, ‘अ‍ॅम्बिशन’. त्याचे मूळ आहे ‘गोल फिरणे’. जुन्या रोममध्ये उमेदवार मते मागत गावभर फिरत, त्याला हा शब्द होता. प्रचारफेरी म्हणजेच महत्त्वाकांक्षा, हे आपल्याला वेगळे सांगायला नको!

आता आपल्याकडे पाहू. ‘आकांक्षा’ या आपल्या शब्दात श्वास कुठेच नाही. ती नुसती इच्छा आहे. पण आपले वैयाकरण श्वास विसरले नव्हते. इंग्रजी व्याकरणात ज्या अक्षरांना ‘अ‍ॅस्पिरेटेड’ म्हणतात, त्यांना आपण महाप्राण म्हणतो. तळहात तोंडासमोर धरून आधी ‘क’ म्हणा, मग ‘ख’ म्हणा. ‘ख’ म्हणताना हाताला वारा लागेल. तो वारा म्हणजे प्राण. ज्या धातूवरून ‘प्राण’ आला, त्याच मुळातून लॅटिनमधला आत्म्याचा शब्दही आला आहे. श्वास आणि जीव एकच, हे दोन्हीकडच्या माणसांनी ओळखले होते.

आणि आपल्या रोजच्या बोलण्यातला ‘दम’ घ्या. फारसीत दम म्हणजे श्वास. मराठीने त्याला किती कामाला लावले पाहा. जिना चढून दम लागतो, थकलेला माणूस दम खातो, पैलवानात दम असतो, बाप मुलाला दम देतो आणि आजी म्हणते, “जरा दम धर.” श्वास, ताकद, धाक आणि धीर, सगळे एकाच शब्दात.

पण ज्या शब्दापाशी मी त्या रात्री थांबलो, तो वेगळाच आहे. संस्कृतात ‘श्वस्’ म्हणजे श्वास घेणे. त्यावरून ‘विश्वास’ आला, म्हणजे ज्याच्याजवळ मोकळा श्वास घेता येतो तो. आणि ‘आ’ उपसर्ग लागून ‘आश्वासन’ आले. आश्वासन म्हणजे घाबरलेल्या, दमलेल्या माणसाचा श्वास त्याला परत मिळवून देणे, धीर देणे. निवडणुकांनी हा शब्द पार बदनाम केला, हे खरे. पण लॅटिनच्या त्या जुन्या ‘फुंकर घालणे’ या अर्थाजवळ जाणारा आपला शब्द शोधायचा तर तो मला आकांक्षेपेक्षा आश्वासन वाटतो.

असो. आता मुलाच्या प्रश्नाचे डॉक्टरी उत्तर देतो, कारण ते प्रत्येक घराला उपयोगी आहे.

आपल्या घशात दोन नळ्या आहेत. पुढे श्वासनलिका, मागे अन्ननलिका. घास गिळताना श्वासनलिकेच्या तोंडावर एक लवचीक झाकण पडते आणि क्षणभर श्वास थांबतो. हे काम दिवसातून शेकडो वेळा बिनबोभाट चालते. कधी चुकलेच तर ठसका लागतो आणि चुकलेला कण बाहेर फेकला जातो. अर्धांगवायू, कंपवात, फार म्हातारपण, दारूची नशा, फिट किंवा बेशुद्धी यांत हा पहारा ढिला पडतो. मग अन्न, पाणी, लाळ किंवा उलटी श्वासाबरोबर फुप्फुसात ओढली जाते. यालाच आम्ही अ‍ॅस्पिरेशन म्हणतो. त्याने होतो तो अ‍ॅस्पिरेशन न्युमोनिया. काहींना तर ठसकासुद्धा लागत नाही, एकदम तापच येतो.

आजोबांचे तेच झाले होते. सूनबाई मोठ्या मायेच्या. म्हाताऱ्याच्या पोटात चार घास जास्त जावेत म्हणून आडवे असतानाच त्यांना पातळ पेज भराभर चमच्याने भरवत होत्या. अन्न चांगले, हात मायेचा, भूकही खरी. चुकली ती फक्त वाट आणि घाई.

अशा माणसाला भरवताना पुढील गोष्टी पाळाव्यात. ताठ बसवून भरवावे आणि जेवणानंतरही निदान अर्धा तास बसते ठेवावे. हनुवटी किंचित खाली असावी. चमचा लहान घ्यावा. पहिला घास गिळल्याची खात्री होईपर्यंत दुसरा देऊ नये. खाताना बोलायला लावू नये. अगदी पातळ पदार्थ दाट पदार्थांपेक्षा जास्त ठसका लावतात, म्हणून कोणाला किती दाट द्यायचे हे डॉक्टरांना विचारावे. सकाळ-संध्याकाळ दात, जीभ आणि कवळी स्वच्छ करावी, कारण तोंडातली घाणच पुढे छातीत उतरते. जेवल्यावर आवाज घोगरा, ओलसर येत असेल तर ती धोक्याची खूण समजावी. गुंगीत असलेल्याला भरवू नये. फिट आलेल्या किंवा बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये, कुशीवर वळवावे.

ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवतात तेही याचसाठी. भुलीत पोटातले आंबट पाणी फुप्फुसात उतरले तर काय होते, हे अमेरिकेतले डॉ. कर्टिस मेंडेल्सन यांनी १९४६ मध्ये बाळंतिणींच्या अभ्यासातून दाखवले. तरीही आपल्याकडे ‘घोटभर चहाने काय होतंय’ म्हणून गुपचूप चहा पाजणारे नातेवाईक भेटतातच.

लहान मुलांचा धोका निराळा. पाच वर्षांच्या आतील मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नका. सीताफळ बिया काढून द्या. चिंचोके त्यांच्या हाताशी ठेवू नका. शेंगदाणा श्वासनळीत गेला की आधी जोराचा ठसका लागतो, मग मूल शांत होते आणि घरचे विसरतात. दाणा मात्र आत फुगतो, त्याच्या तेलाने नळी सुजते आणि काही दिवसांनी ताप-खोकला सुरू होतो. साध्या एक्स-रेत दाणा दिसत नाही. म्हणून ‘खेळताना ठसका लागला होता’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. जर्मनीत १८९७ मध्ये गुस्टाव किलियन यांनी नळी घालून एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेतून हाडाचा तुकडा काढला, तेव्हापासून हा उपाय हाती आला. पण दाणा काढण्यापेक्षा तो न जाऊ देणे सोपे. तान्ह्या बाळाच्या नाकात तेल घालू नका. रडणाऱ्या मुलाला नाक दाबून औषध पाजू नका. कोणी रॉकेल प्यायले तर उलटी करवू नका, कारण उलटीबरोबर ते छातीत जाते.

घशात घास अडकून माणूस खोकत असेल तर त्याला खोकू द्या, घशात बोटे घालू नका. आवाजही फुटत नसेल तर त्याला पुढे वाकवून दोन्ही खवाट्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने ५ जोरदार थापा मारा. नाही निघाला तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या जरा वर ५ वेळा आत आणि वर दाब द्या. घास निघेपर्यंत आलटून पालटून हेच करा. गरोदर बाईच्या पोटाऐवजी छातीच्या मध्यावर दाब द्यावा. एक वर्षाच्या आतील बाळाला हातावर पालथे, डोके खाली करून ५ थापा आणि मग उताणे करून छातीच्या मध्यावर ५ दाब द्यावेत. त्याचे पोट दाबू नये. तोवर दुसऱ्या कोणीतरी १०८ ला फोन लावावा.

इथवर शब्दाचा डॉक्टरी अर्थ झाला. गोष्ट मात्र अजून संपलेली नाही.

दोन-अडीच महिन्यांनी एका रात्री साडेदहाला माझी बेल वाजली. तोच मुलगा, सोबत आई-वडील. मुलगा धापा टाकत होता. हातापायांना मुंग्या आलेल्या, बोटे आखडून वाकडी झालेली. वडील घाबरून विचारत होते, “दमा तर नाही ना? का हार्टचं काही?” मी छाती तपासली, स्वच्छ. रक्तातला प्राणवायू ९९ टक्के. ईसीजी काढला, तोही चांगला. माणूस भीतीने फार भराभर श्वास घेऊ लागला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने मुंग्या येतात आणि बोटे आखडतात. त्याला समोर बसवून नाकाने हळू श्वास घ्यायला आणि त्याहून सावकाश सोडायला लावले. पंधरा-वीस मिनिटांत बोटे सुटली. (जुन्या काळी यासाठी तोंडावर कागदी पिशवी धरत. ते करू नये. खरोखर दमा किंवा हृदयविकार असेल तर ते अंगाशी येते. आणि असा त्रास पहिल्यांदा झाला तर तो भीतीचाच आहे हे घरी ठरवू नये, तपासून घ्यावे.)

“सोंग नाही बरं का हे,” मी वडिलांना म्हणालो. “त्रास अगदी खरा आहे.” मग हळूहळू समजले. त्या दिवशी शिकवणीतल्या चाचणीचा निकाल लागला होता. पहाटे साडेचारला उठणे, दोन शिकवण्या, मध्ये कॉलेज, रात्री अकरापर्यंत वाचन. आई म्हणाली, “डॉक्टर, आम्ही त्याला कशालाच कमी पडू देत नाही हो.”

मी विचारले, “वहिनी, आजोबांना आता कसं भरवता?”

“बसवून. थोडं थोडं. गिळलं की मगच पुढचा घास.”

“आणि याला?”

त्या काही बोलल्या नाहीत. खरे सांगायचे तर हा प्रश्न त्यांना विचारण्याचा मला फारसा अधिकार नव्हता.

माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. मी एमबीबीएस झालो, पण एम.डी.ची जागा दोनदा थोडक्यात हुकली. ती हुकलेली जागा मी माझ्या मुलासाठी राखून ठेवली. त्याला काय आवडते हे मी विचारले नाही. २०१७ मध्ये त्याने नीट दिली, नाही जमले. ‘एक वर्ष आणखी’ असे मीच ठरवले. २०१८ च्या निकालाच्या दिवशी तो सकाळी घराबाहेर पडला आणि संध्याकाळपर्यंत आलाच नाही. आम्ही आठ तास शोधत होतो. नदीच्या घाटावर पायरीवर बसलेला सापडला. मी वाटभर जे जे बोलायचे ठरवले होते, त्यातले काहीच तोंडातून निघाले नाही. “चल, जेवायला,” एवढेच म्हणालो. पुढे त्यानेच एकदा सांगितले की त्या दिवशी मी आणखी काही बोललो असतो तर तो उठला नसता. आज तो एका शाळेत भूगोल शिकवतो, आणि चांगला शिकवतो.

त्या घाटावर मी त्याला ना फुंकर घातली होती ना धीर दिला होता. नुसते बोलायचे थांबवले होते. तेवढ्यानेही त्याला श्वास घ्यायला जागा झाली.

माझे म्हणणे आकांक्षा ठेवू नका असे नाही. वडिलांनी आकांक्षा ठेवली नसती तर मी आज हा लेख लिहायला इथे नसतो. पण हिशेब तर पाहा. २०२४ मध्ये नीटला २३ लाखांहून जास्त मुले बसली. देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा तेव्हा सव्वा लाखाच्याही आत होत्या. म्हणजे वीसपैकी जेमतेम एकाला जागा. उरलेली एकोणीस मुले काही वाया गेलेली नाहीत. त्यांनाही जेवायला घरीच यायचे आहे. घरी आल्यावर त्यांना मोकळा श्वास घेता आला पाहिजे, इतकेच माझे म्हणणे आहे.

दहावी-बारावीच्या मुलाला आठ तास झोप हवी. ती कापून अभ्यास वाढत नाही, विसरणे वाढते. जेवताना गुणांचा विषय काढू नका. दुसरी वाट कोणती, हे निकालाच्या आधीच एकत्र बसून बोलून ठेवा. आणि मूल जेवेनासे झाले, झोपेनासे झाले, एकटे राहू लागले किंवा ‘मी नसलेलाच बरा’ असे काही म्हणाले, तर त्याला दम देऊ नका आणि दम धर असेही सांगू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे या. मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यात लाज कसली? सरकारची ‘टेली मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास फुकट मिळते. हा आकडा घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा.

त्या मुलाची परीक्षा झाली. गुण किती मिळाले हे मी विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही. परवा आजोबांना तपासायला मी त्यांच्या घरी गेलो होतो. आजोबा खुर्चीत ताठ बसले होते आणि नातू त्यांना मऊ खिचडी भरवत होता. आजोबा तोंड उघडून पुढच्या घासाची वाट पाहत होते, तर पोरगा म्हणाला, “थांबा आजोबा, आधीचा गिळा. घाई नाही आपल्याला.”

त्याची आई दारात उभी राहून ते ऐकत होती.